वजनाच्या ऑपरेशनआधीचे तीन महिने: खानावळवालीच्या वहीतून

कोल्हापुरात राजारामपुरीत माझी खानावळ आहे. रोजची ४०-४५ ताटं, बुधवार-शुक्रवार-रविवार मटण. गेली १९ वर्षं तांबड्या रश्श्याची चव मी एकाच पद्धतीनं बघत आले. पळीतले चार थेंब तळहातावर, आणि तळहात तोंडाला. चार थेंब म्हणायचे आपले. ऑपरेशन ठरलं तेव्हा वजन ११३ किलो, उंची पाच फूट एक इंच, बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) ४७, साखर आठ वर्षांपासूनची, आणि घोरणं असं की मालक उशी घेऊन बाहेरच्या खोलीत जायचे. डॉक्टरांनी स्लीव्ह करायचं ठरवलं. म्हणजे जठराचा पाऊण भाग किंवा थोडा जास्तच काढून टाकायचा आणि उरलेल्याची केळ्याएवढी नळी ठेवायची. तारीख मात्र तीन महिन्यांनंतरची. मी म्हटलं, ठरलंय तर उद्या करा की. त्यावर आहारतज्ज्ञ बाईंनी हातात एक कागद ठेवला आणि म्हणाल्या, “आधी सात दिवस खाल्लेलं सगळं लिहून आणा.”

आता ओळखीत कुणाचं हे ऑपरेशन ठरलं की त्याला माझ्याकडे धाडतात. गॅससमोर उभं राहून तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून ठेवते. तुमच्या डॉक्टरांचा कागद आणि माझं सांगणं यात फरक दिसला तर कागद खरा. स्लीव्हऐवजी जठराचं बायपास ऑपरेशन असेल, किडनीचा त्रास असेल, इन्सुलिन चालू असेल तर गणित वेगळं असतं.

माझं सगळं सांगणं एका वाक्यात बसतं. ऑपरेशननंतर पोटाला जे आणि जसं जमणार आहे, ते आत्ताच्या धडधाकट पोटाकडून आधी करून घ्यायचं. नंतर टाके दुखत असताना, अंगात ताकद नसताना घास चावायला शिकणं फार अवघड जातं.

वही आणि वाटी

वही सगळेच सांगतात, आणि सगळेच वहीत खोटं लिहितात. मीही लिहिलं. सकाळी दोन चपात्या, दुपारी दीड भाकरी, रात्री थोडा भात. बाईंनी वाचलं आणि विचारलं, “स्वयंपाक करताना काय खाता?” मी म्हटलं, काही नाही, फक्त चव बघते. त्यांनी सांगितलं, एक दिवस जेवढ्यांदा चव बघाल तेवढ्यांदा तितकंच दुसऱ्या वाटीत टाका.

तो रविवार होता. सकाळी नऊला ओट्याच्या कडेला स्टीलची वाटी ठेवली. सुक्याचा मसाला भाजताना एक चिमूट, वाटीतही एक चिमूट. पांढऱ्यात नारळाचं दूध घातल्यावर एकदा, मीठ टाकल्यावर एकदा, उकळी आल्यावर एकदा. मटण शिजलं का बघायला एक पीस. भाकरी नीट भाजली का म्हणून कोपरा. दुपारी तीन वाजता ती वाटी भरून दुसरी लावली होती, आणि पहिलीवर बोटभर लाल तवंग गोठला होता. मालकांनी विचारलं, हे कुणासाठी काढून ठेवलंयस? माझंच आहे म्हणायची लाज वाटली.

तुम्ही खानावळ चालवत नसाल, पण तुमचीही एक वाटी असणारच. पोरांच्या ताटातलं उरलेलं, दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाबरोबरचा चहा, संध्याकाळी रंकाळ्यावर फिरायला म्हणून जाऊन खाल्लेली भेळ. माझा चहा दिवसाला नऊ हाफ निघाला, प्रत्येकात दोन चमचे साखर. चमचा पाच ग्रॅमचा धरला तरी ९० ग्रॅम साखर, ३६० कॅलरी, आणि त्यातून पोट भरतंय असंही नाही. साखर एकदम तोडू नका, डोकं धरतं आणि चार दिवसांत माणूस परत नवावर येतो. मी दर आठवड्याला अर्धा चमचा कमी केला आणि कपही कमी केले. ऑपरेशनपर्यंत बिनसाखरेचे दोन उरले.

वहीत वेळ लिहा, आणि खाताना भूक होती की नव्हती तेही लिहा. कुणाचं काय झाल्यावर हात डब्याकडे गेला, हे पंधरा दिवसांत आपोआप दिसायला लागतं. माझा हात रात्री साडेदहाला हिशोब जुळेना की फरसाणाच्या डब्यात जायचा.

दात, रक्त आणि मिश्री

तपासण्यांची यादी दवाखान्यातून मिळतेच. रक्त, थायरॉईड, तीन महिन्यांची साखर, पोटाची सोनोग्राफी, दुर्बिणीनं जठर बघणं, झोपेची तपासणी. आहाराच्या बाजूनं मी दोनच गोष्टी सांगेन. एक, बी-१२, डी जीवनसत्त्व आणि लोह कमी निघालं तर ते आधीच भरून काढा. भरपूर खाणाऱ्याच्या अंगातही ही कमी असते, आणि ऑपरेशननंतर खाणंच कमी होतं म्हणून खड्डा आणखी खोल जातो. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका, चहानं ती अंगी लागत नाही. दोन, दाताच्या डॉक्टरकडे जा. माझ्या दोन दाढा किडलेल्या, म्हणून मी वर्षानुवर्षं एकाच बाजूनं चावत होते. चावायचं कसं ते शिकायला आधी दाढा लागतात.

आणि मिश्री. दवाखान्यात “तंबाखू खाता का?” असं विचारतात, आणि आपल्याकडच्या निम्म्या बायका सरळ “नाही” म्हणतात, कारण मिश्रीला आपण खाणं धरत नाही, दात घासणं धरतो. मीही तसंच म्हणाले होते. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिनं जखम भरायला वेळ लागतो, आणि ऑपरेशननंतर पोटात व्रण पडायचा धोका वाढतो. विडी, सिगारेट, गुटखा, मिश्री, सगळं किमान सहा आठवडे आधी बंद, आणि नंतर पुन्हा सुरू करायचं नाही. मला पहिले दहा दिवस जेवणापेक्षा मिश्री सोडणं जड गेलं. सकाळी पोट साफ व्हायचं नाही, चिडचिड सगळी घरच्यांवर. डॉक्टरांना खरं सांगितल्यावर त्यांनी ओरडायच्या ऐवजी उपाय सांगितला. दारूचंही तसंच, लपवू नका. ऑपरेशननंतर थोडीशी घेतली तरी ती झटकन चढते.

ओरपणं सोडा

आपण कोल्हापूरची माणसं चावत नाही. मी रोज ४० माणसं जेवताना बघते. भाकरी रश्श्यात कुस्करायची, वर पांढरा ओतायचा आणि ओरपायचं. पीस तेवढा चावतात, तोही पाचसहा वेळा. दहा मिनिटांत ताट रिकामं. हे जेवण नव्या पोटात उतरणारच नाही. मोठा, न चावलेला घास त्या नळीत अडकल्यासारखा होतो, छातीत दाटतं, तोंडाला पाणी सुटतं आणि उलटी होते.

मी केलेला सराव असा. रोजचा मोठा चमचा काढून ठेवला आणि नातवाचा लहान चमचा घेतला. घास करंगळीच्या नखाएवढा. तोंडात त्याची पेज होईपर्यंत चावायचं, म्हणजे २० ते २५ वेळा. घास गिळेपर्यंत चमचा खाली ठेवायचा. हातात चमचा असला की तो आपोआप पुढचा घास भरतो, म्हणून तो हातातून सुटायलाच पाहिजे. जेवण २० मिनिटांच्या आत संपवायचं नाही, अर्ध्या तासाच्या पुढेही न्यायचं नाही. मी भिंतीवरच्या घड्याळाखाली बसायचे. पहिल्या दिवशी आठव्या मिनिटाला ताट संपलं आणि उरलेली बारा मिनिटं मी रिकामी वाटी बघत बसले. तिसऱ्या आठवड्यात मात्र पाऊण भाकरीवरच पोट भरल्यासारखं वाटायला लागलं. पोट भरल्याचा निरोप डोक्यात पोचायला वीसेक मिनिटं लागतात म्हणतात, आणि मी तर इतकी वर्षं तो निरोप यायच्या आधीच उठत होते.

तिखट आधी कमी, मग पाणी

जेवताना पाणी प्यायचं नाही, जेवल्यावर अर्धा तास प्यायचं नाही, हा नियम प्रत्येक कागदावर असतो. नव्या पोटात जागाच कमी. पाण्यानं ती भरली तर अन्न जात नाही, आणि पाण्याबरोबर अन्न लवकर पुढं सरकलं तर भूकही लवकर लागते. नियम सोपा वाटतो, पण कांदा-लसूण चटणी घातलेल्या कालवणावर तो पाळून दाखवा. दुसऱ्या घासालाच तांब्या तोंडाला लागतो. चार दिवस हरल्यावर माझ्या लक्षात आलं की माझं भांडण पाण्याशी नाही, तिखटाशी आहे. मग घरच्या भाजीतली चटणी दोन चमच्यांवरून एकावर आणली, मग अर्ध्यावर, शेवटी नुसतं जिरं आणि आलं. जेवताना पाणी आपोआप सुटलं. ऑपरेशननंतरचे सुरुवातीचे आठवडे बिनतिखटाचेच असतात, त्यामुळे हा सराव दुहेरी उपयोगी पडला. “भावा, झणझणीत पाहिजे” म्हणणाऱ्या गावात राहून हे करायचं आहे, तेव्हा एकदम करायला जाऊ नका.

एरवी दिवसभरात दीड ते दोन लिटर पाणी घोट घोट प्यायचं. तांब्या वर धरून घटाघटा पिणं बंद. लिटरच्या बाटलीवर मी पेननं चार रेघा ओढल्या होत्या, दर दोन तासांना एक रेघ खाली यायला पाहिजे. सोडा, थंड पेयं, फेस येणारं सगळं बंद.

ताटातला क्रम

ऑपरेशननंतर दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं चिमुकल्या पोटातून जायला पाहिजेत, म्हणून ताटातला पहिला मान त्यांचा. आधी पीस, मग भाजी-काकडी, आणि जागा उरली तर चतकोर भाकरी. रस्सा शेवटी, नाहीतर नाहीच. आपल्याकडे हे बरोबर उलटं चालतं, रश्श्यावर तीन भाकऱ्या आणि पीस “शेवटाला चवीला”.

अंदाजासाठी माझ्या वहीतले आकडे: एक अंडं ६ ग्रॅम, शिजलेलं बिनहाडाचं मटण किंवा चिकन १०० ग्रॅममध्ये २५च्या आसपास, पनीर १०० ग्रॅममध्ये १८, पेलाभर दूध ६ ते ७, मूठभर कोरडी मुगाची किंवा मटकीची डाळ ७, सोयावडी २५ ग्रॅममध्ये १३. माळकऱ्यांनी घाबरायचं कारण नाही, पण नुसत्या आमटीवर हिशोब पुरा होत नाही. मिसळीतली मोडाची मटकी चांगलीच आहे की. कट, फरसाण आणि ब्रेड बाजूला काढला की राहते ती उसळ खा. आता तिला मिसळ म्हणायचं का, ते तुम्ही ठरवा.

दुधाबद्दल. गंगावेशीत कट्ट्यावर समोर म्हैस पिळून फेसाळ दूध देतात, ते आमच्या घरात औषध समजतात. सासूबाई रोज पेला पुढे करायच्या. म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के स्निग्धांश असतो, म्हणून माझ्यासाठी साय काढलेलं आलं. “वारं खाऊन जगतीस व्हय गं?” असं त्या महिनाभर म्हणत होत्या. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा एकदा त्यांना आहारतज्ज्ञ बाईंसमोर नेऊन बसवलं. नंतर त्याच माझ्या पेल्यावर पहारा ठेवायला लागल्या, ते जरा जास्तच झालं.

प्रथिनांची पावडर लागणार असेल तर एकदम मोठा डबा घेऊ नका. मी व्हॅनिलाचा मोठा डबा आणला, दुसऱ्या दिवशी त्या वासानं मळमळायला लागलं. शेवटी तालमीत जाणाऱ्या पुतण्यानं संपवला. छोट्या पुड्या आणून दोन-तीन चवी बघा, आणि कुठली घ्यायची ते आहारतज्ज्ञांना विचारूनच.

शेवटचे पंधरा दिवस

हा भाग कडक. माझ्या सोनोग्राफीत यकृतावर चरबी होती, आणि ते वाढलेलंही होतं. यकृताचा डावा भाग जठरावर झाकणासारखा असतो. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये डॉक्टरांना तो उचलून धरून खालचं जठर कापायचं असतं. यकृत जड आणि फुगलेलं असेल तर जागा मिळत नाही, रक्तस्रावाची भीती वाढते, कधी ऑपरेशन पुढेही ढकलावं लागतं. साखर-पिठूळ खाणं दोन आठवडे जवळजवळ बंद केलं की यकृतात साठवलेली साखर आणि तिच्याबरोबरचं पाणी निघून जातं, चरबीही उतरते, आणि यकृत आकसतं. हे पथ्य तुमच्या वजनासाठी कमी आणि डॉक्टरांच्या हाताला जागा मिळावी म्हणून जास्त आहे. हे मला कळलं तेव्हा ते पाळणं सोपं गेलं.

मला ८०० कॅलरींच्या आसपास दिलं होतं. सकाळी सातला बिनसायीच्या दुधात एक माप पावडर. अकराला पातळ ताक. दुपारी दोन उकडलेली अंडी, वाटीभर दुधी किंवा दोडका, काकडी. साडेचारला वाटीभर अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं बिनमसाल्याचं पाणी. सातला १०० ग्रॅम चिकन आणि पालेभाजी. भात, भाकरी, बटाटा, केळं, गूळ काही नाही. काही दवाखाने पूर्ण पातळच देतात. माझा तक्ता उचलू नका, तो माझ्या साखरेवर बेतलेला होता.

पहिले तीन दिवस डोकं दुखतं, पाय ओढल्यासारखे वाटतात, कुणी हाक मारली तरी राग येतो. चौथ्या-पाचव्या दिवशी उतरतं. त्या दिवसांत लग्न, बारसं, आखाडातली यात्रा असलं काही येऊ देऊ नका. आणि “आता पुन्हा कधी खायला मिळणार” म्हणून आदल्या आठवड्यात जेवणावळी घालणारे पाहुणे घरोघरी असतात. माझ्या माहेरच्यांनी तर बोकड पाडायचा घाट घातला होता. एका मोठ्या जेवणानं आधीची मेहनत वाया जाते, सरळ नाही म्हणा.

आता माझी चूक. कागदावर छापलं होतं की पथ्य सुरू करण्याआधी साखरेच्या गोळ्यांबद्दल फोन करा. मी तो केला नाही. खाणं निम्म्यावर आलं आणि ग्लिमेपिराइड मात्र पूर्वीइतकीच घेत राहिले. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास भाकरी थापताना हात थरथरायला लागले, घाम फुटला, परातीतलं पीठ धूसर दिसायला लागलं. मशीनवर ५८. खानावळीत मदतीला असणाऱ्या मावशींनी पाण्यात तीन चमचे साखर ढवळून दिली, पंधरा मिनिटांनी परत बघितलं, ८१. मग डॉक्टरांना फोन, आणि बोलणी. ती गोळी त्याच दिवशी बंद झाली.

म्हणून ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन असेल तर पथ्याच्या पहिल्या घासाआधी डोस बदलून घ्या. डापाग्लिफ्लोझिनसारखी, लघवीवाटे साखर काढणारी गोळी असेल तर ती कधी थांबवायची ते आवर्जून विचारा. त्या गोळीवर उपाशी राहिलं तर साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल वाढू शकतं. आठवड्याचं सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन चालू असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगा, त्यानं पोट हळू रिकामं होतं. बीपीची, रक्त पातळ करायची गोळी, दोन्हींची नावं कागदावर लिहून न्या. आपल्या मनानं काही बंद करू नका.

३० मिलीचा पेला

शेवटच्या आठवड्यात घर लावून घ्या. मिक्सर, बारीक गाळणी, मलमलचं फडकं, छोट्या वाट्या. आणि खोकल्याच्या औषधाबरोबर येतो तो ३० मिलीचा मापाचा पेला. ऑपरेशननंतरचे पहिले दिवस जग त्या पेल्याएवढं होतं, म्हणून त्याचा सराव मी घरीच केला. त्यासाठी अळणीसारखं दुसरं काही नाही. नाव अळणी, पण मीठ असतं बरं का. मटण हळद, मीठ, आलं-लसूण लावून शिजवलं की सुटतं ते पाणी, मसाला पडायच्या आधीचं. ते थंड करून रात्री फ्रिजमध्ये ठेवायचं. सकाळी वर पांढऱ्या चरबीचा थर जमतो, तो चमच्यानं अख्खा उचलून टाकायचा, खालचं फडक्यातून गाळून कोमट करायचं. एक पेला पंधरा मिनिटांत, ओठ ओले होतील एवढाच घोट. पहिल्यांदा दोन घोटांत संपला. पाचव्या दिवशी जमलं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मला फक्त पातळ, गाळलेलं चालणार होतं. किती वाजल्यानंतर तोंडात काही घालायचं नाही ते भूल देणारे डॉक्टर सांगतात. ती वेळ मोठ्या अक्षरात फ्रिजवर चिकटवा, म्हणजे मायेनं कुणी चहा पुढे करणार नाही. तो दिवस नेमका शुक्रवार होता. मावशींनी एकट्यानं मटण शिजवलं, आणि पळी घेऊन सवयीनं माझ्यासमोर आल्या. मी हात मागे घेतला. त्यांनी स्वतःच्या तळहातावर चार थेंब घेतले, चाखले, म्हणाल्या, “मीठ जरा कमी हाय.” घाला म्हटलं, आणि पिशवी भरायला आत गेले. तपासण्यांची फाईल, गोळ्यांची यादी, आणि कोपऱ्यात तो पेला.